अमेरिकेत शेतीच्या सबसिडीला माणशी मर्यादा आहे, मग एकाच शेतावर दहा लाख डॉलर कसे जातात?

अमेरिकन सरकार शेतकऱ्याला जो थेट पैसा देतं त्याला वर्षाला माणशी एक मर्यादा आहे. २०१४ च्या फार्म बिलपासून (फार्म बिल म्हणजे तिकडचा शेतीचा मुख्य कायदा) ती १,२५,००० डॉलर होती, म्हणजे आपले कोटभर रुपये धरा, आणि २०२५ च्या कायद्याने ती १,५५,००० केली आणि पुढे महागाईप्रमाणे वाढत जाईल असंही लिहून टाकलं. वाचून वाटतं की मग कितीही मोठा शेतकरी असू दे, याच्या वर काही त्याला मिळणार नाही. पण मिळतं. एकेका शेतावर वर्षाला दहा लाख डॉलर आणि त्याच्याही वर गेलेले आहेत, आणि त्यातलं बरंचसं कायद्यात बरोबर बसवून गेलंय, म्हणजे कुणी खोटी सही केली, चोरी केली असं दरवेळी नसतं. मर्यादा "माणशी" आहे ना, मग माणूस कुणाला म्हणायचं आणि शेतकरी कुणाला म्हणायचं यावर गेली पन्नास वर्षं तिकडे भांडण चाललंय, आणि ज्याला हे भांडण कळलं त्याला हा सगळा विषय कळला.

आधी पैसा येतो कसा ते बघू. मुख्य योजना दोन, पीएलसी आणि एआरसी. पीएलसी समजायला सोपी आहे, सरकारने प्रत्येक पिकाला एक आधार भाव ठरवलेला असतो, मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, भुईमूग वगैरे, आणि वर्षभराचा बाजारातला सरासरी भाव त्याच्या खाली गेला की मधला फरक सरकार देतं. एआरसीमध्ये नुसता भाव न बघता एकरी उत्पन्न बघतात, तेही बहुतेक वेळा अख्ख्या काउंटीचं, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. पैसा एकरावर मिळतो, आणि ते एकर म्हणजे यंदा काय पेरलं ते नव्हे तर पूर्वीच्या पेऱ्यावरून कागदावर ठरवून ठेवलेले "बेस एकर", त्यातल्या ८५ टक्क्यांवर. म्हणजे सरळ हिशोब आहे, बाकी सगळं सारखं असेल तर ५०० एकरवाल्याला जे मिळेल त्याच्या वीसपट १०,००० एकरवाल्याला.

आता यात वाईट काय, मोठं शेत मोठा खर्च असं कुणी म्हणेल. वाईट हे की तो वीसपट पैसा घेऊन मोठा माणूस शेजारच्या जमिनीचा खंड वाढवून देऊ शकतो, आणि जो पोरगा नवीन शेती करायला बघतोय किंवा जो ५०० एकरवाला अजून २०० एकर खंडाने घ्यायला बघतोय त्याला ती जमीन मिळतच नाही. छोट्याला टिकवायला म्हणून काढलेला पैसा छोट्यालाच बाहेर काढायला वापरला जातो, आणि मला या सगळ्यात सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. मर्यादा आणली ती हेच थांबवायला.

पहिली मर्यादा आली १९७० च्या कायद्याने, माणशी आणि एकेका पिकाला ५५,००० डॉलर. १९७३ मध्ये ती सगळी पिकं मिळून २०,००० वर आणली. आणि मर्यादा आली तशी वाटणीही सुरू झाली, कारण कायद्यात "माणूस" म्हणजे हाडामांसाचाच माणूस असं नव्हतं, कंपनी, ट्रस्ट हे सुद्धा माणूस धरले जायचे. मग काय, एक शेतकरी, त्याच्या चार कंपन्या, मुलांच्या नावाचे ट्रस्ट, त्या ट्रस्टच्या परत कंपन्या, आणि जमीन तीच, ट्रॅक्टर तेच, शेत कसणारा तोच, फक्त प्रत्येकाच्या नावावर वेगळी पूर्ण मर्यादा. अमेरिकेत या प्रकाराला "मिसिसिपी ख्रिसमस ट्री" म्हणायला लागले, कारण मालकीचा तक्ता कागदावर काढला की वर टोकाला एक माणूस आणि खाली पसरत गेलेल्या फांद्यांसारख्या कंपन्या असं ते चित्र दिसायचं. मिसिसिपी का, तर दक्षिणेकडच्या कापूस-भाताच्या मोठ्या शेतांवर हे जास्त चालायचं.

हे इतकं वाढलं की १९८७ मध्ये अमेरिकन संसदेने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तीन नावांचा नियम, कुणीही माणूस जास्तीत जास्त तीन ठिकाणांहूनच पैसे घेऊ शकतो, एक स्वतःच्या नावाने आणि दोन कंपन्या वगैरेंमधून. आता नीट बघा, स्वतःचं पूर्ण आणि दोन कंपन्यांमध्ये प्रत्येकी अर्धा हिस्सा ठेवला की अर्धा अधिक अर्धा परत एक पूर्ण, म्हणजे मर्यादा सरळ दुप्पट झाली. झाडाच्या फांद्या छाटल्या खऱ्या पण दोन ठेवून दिल्या, आणि वकील आणि अकाउंटंट लोकांनी त्या दोन फांद्या प्रत्येक मोठ्या शेताला लावून दिल्या. २००२ च्या फार्म बिलमध्ये वेगवेगळ्या पैशांच्या मर्यादा मिळून १,८०,००० व्हायच्या, या नियमाने त्या ३,६०,००० व्हायच्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पैसे घ्यायचे तर तो माणूस "शेतीत प्रत्यक्ष गुंतलेला" पाहिजे. यासाठी दोन बाजूंनी काहीतरी घालावं लागतं. एका बाजूला जमीन, भांडवल किंवा अवजारं यातलं काहीतरी. दुसऱ्या बाजूला स्वतःची मेहनत किंवा स्वतः केलेलं मॅनेजमेंट. वर आणखी असं की नफ्यातला वाटा तुम्ही जे घातलं त्याच्या प्रमाणात पाहिजे, आणि तुम्ही जे घातलं ते बुडायचा धोकाही तुमचाच पाहिजे, म्हणजे शेत बुडालं तर तुमचंही बुडालं पाहिजे. कागदावर नियम चांगला आहे, मी तर म्हणेन खूप चांगला आहे. घोळ आहे तो त्या एका "किंवा" मध्ये, मेहनत किंवा मॅनेजमेंट.

पण त्या आधी २००८ चं सांगतो, कारण तिथे खरोखर एक चांगलं काम झालं. २००८ च्या फार्म बिलने तीन नावांचा नियम काढूनच टाकला आणि त्याच्या जागी असं आणलं की पैसा कुठल्याही कंपनीला, ट्रस्टला जाऊ दे, तो शेवटी कुठल्या हाडामांसाच्या माणसाच्या खिशात गेला ते त्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरवरून, म्हणजे आपल्या आधारसारख्या नंबरवरून, शोधायचं आणि त्या माणसाच्या मर्यादेत मोजायचं. कंपनीच्या आत कंपनी असं चार पातळ्यांपर्यंत उतरत जायचं, आणि चौथ्या पातळीवरही माणूस न सापडता परत कंपनीच निघाली तर तेवढ्या हिश्शाचा पैसा कापायचा. एवढं केलं आणि ते जुनं झाड बहुतेक वाळलं. एक माणूस दहा कंपन्या काढून दहापट घेतोय हे बंद झालं.

मग लोकांनी काय केलं, एक माणूस आणि दहा कंपन्या जमत नाही ना, तर दहा खरी माणसं आणायची. हा आजचा खेळ आहे.

अमेरिकेत "जनरल पार्टनरशिप" म्हणून प्रकार असतो, साधी भागीदारी. साध्या कॉर्पोरेशनला अख्खी मिळून एकच मर्यादा लागते, पण जनरल पार्टनरशिपला स्वतःची मर्यादाच नाही, जितके भागीदार पात्र तितक्या मर्यादा. दहा भागीदार असले तर जुन्या मर्यादेनेही १,२५,००० गुणिले दहा, साडेबारा लाख डॉलर. वर नवरा-बायकोचा नियम असा की एकाची मेहनत-मॅनेजमेंटची अट पूर्ण झाली की दुसऱ्याचीही झाली असं धरतात. याबद्दल मला तक्रार नाही करायची, शेतावर बायका राबतात आणि त्यांना वेगळा शेतकरी मानणं बरोबरच आहे, पण हिशोब करताना जोडप्याचे दोन धरायचे हे लक्षात असू द्या. आता प्रश्न, दहा भागीदारांना पात्र कसं ठरवायचं? मेहनत दाखवायची तर तास मोजता येतात, नियम आहे वर्षाला १,००० तास किंवा आपल्या वाट्याच्या शेताला जितकी मेहनत लागेल त्याच्या निम्मी, आणि ट्रॅक्टरवर कोण बसतो ते गावात सगळ्यांना दिसतं. पण मॅनेजमेंट? बियाणं कुठलं घ्यायचं यावर फोनवर बोललो, बँकेच्या कर्जाची चर्चा केली, माल कधी विकायचा ते ठरवलं, वर्षातून दोन-तीन मीटिंगला हजर होतो, असं लिहून दिलं की झालं. कित्येक वर्षं मॅनेजमेंटला तासांची अटच नव्हती. मग शहरात राहणारा, शेताकडे क्वचित फिरकणारा माणूस सुद्धा "मॅनेजर" म्हणून पात्र व्हायचा, आणि एका शेताला मॅनेजर किती असावेत यावर बंधन नव्हतं. अमेरिकन संसदेसाठी सरकारी खर्चाची तपासणी करणारी संस्था, गाओ, आपल्या कॅगसारखी, तिने २००४ पासून परत परत अहवाल देऊन हेच सांगितलं की मॅनेजमेंटची व्याख्या इतकी सैल आहे की कृषी खात्याला कुणाला अपात्र ठरवताच येत नाही.

हे बदलायला सगळ्यात जास्त कोण लागून राहिलं असेल तर आयोवाचे सिनेटर चक ग्रासली, जे स्वतः शेतकरी कुटुंबातले आहेत. २००७ मध्ये त्यांनी आणि नॉर्थ डकोटाच्या बायरन डॉर्गननी मर्यादा कडक करायची दुरुस्ती आणली, तिला ५६ मतं मिळाली म्हणजे बहुमत होतं, पण तिकडच्या पद्धतीने ६० लागत होती म्हणून पडली. २०१३ मध्ये मात्र सिनेट आणि हाउस या संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या बिलात एका शेताला एकच मॅनेजर हे कलम होतं, दोन्हीकडे मंजूर झालेलं! आणि मग दोन्ही बिलं एकत्र करायला जी कमिटी बसते तिने ते काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं की कृषी मंत्र्यांनी मॅनेजमेंटची व्याख्या करावी, पण ती नुसत्या कुटुंबातल्या लोकांच्या शेतांना लावू नये. दोन्ही सभागृहांनी मान्य केलेली गोष्ट बंद खोलीत गायब होते आणि ते कायदेशीर असतं हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

त्यातून २०१५ च्या डिसेंबरमध्ये नियम आला तो असा. ज्या भागीदारीत सगळे एका कुटुंबातले नाहीत तिथे मॅनेजमेंटच्या जोरावर पात्र होणारा माणूस एकच, शेत २,५०० एकरच्या वर असेल किंवा गुंतागुंतीचं असेल तर दोन, दोन्ही असेल तर फार तर तीन. आणि एकापेक्षा जास्त मॅनेजर पाहिजेत तर प्रत्येकाने वर्षाला ५०० तास किंवा एकूण मॅनेजमेंटच्या २५ टक्के काम केलं पाहिजे आणि त्याची नोंद लिहून ठेवली पाहिजे, कधी, कुठे, काय केलं. चांगलं आहे, पण कुटुंबाच्या शेतांना यातलं काहीच लागत नाही, आणि अमेरिकेतली बहुतेक शेतं कुटुंबाचीच. मग २०१८ च्या फार्म बिलने कुटुंबाची व्याख्याच ताणली, चुलत-मावस-आते-मामे भावंडं, पुतणे-भाचे हे सगळे त्यात आणले. म्हणजे जिथे बाहेरचे भागीदार आणायची अडचण होती तिथे आता नात्यातलेच आणा. आणि २०२५ च्या कायद्याने मर्यादेचा आकडा तर वाढवलाच, पण आणखी एक केलं ज्याची चर्चा कमी झाली, एलएलसी आणि एस कॉर्पोरेशन या प्रकारच्या कंपन्यांनाही जनरल पार्टनरशिपसारखं वागवायचं, म्हणजे तिथेही जितके पात्र सदस्य तितक्या मर्यादा. आधी जनरल पार्टनरशिपला एक तोटा होता, धंदा बुडाला तर भागीदाराचं घरदारही देण्यात जायचं, त्यामुळे दहा जण गोळा करताना लोक थोडा विचार करायचे. या कंपन्यांत तसं होत नाही, म्हणजे तो अडसरही आता गेला.

तपासतं कोण? कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी, तिची काउंटीत ऑफिसं असतात, शेतकरी तिथे शेत कसं चालवणार याचा प्लॅन भरून देतो, कोण काय घालणार, कुणाचा वाटा किती. पात्रतेच्या निर्णयात काउंटी कमिटीही असते आणि ती तिथल्या शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली असते. याची चांगली बाजू आहे, लोकांना माहिती असते कुणाचं शेत कसं चालतं, पण ज्याच्याशी रोजचं उठणं-बसणं त्याला तू शेतकरी नाहीस असं तोंडावर सांगायला किती जण धजावतील? वर्षाच्या शेवटी काही निवडक शेतांची तपासणी होते, ठरल्याप्रमाणे खरंच केलं का ते बघायला, पण ती थोड्यांचीच होते. शिक्षा आहे, मर्यादा चुकवायला मुद्दाम बनाव केला असं सिद्ध झालं तर त्या वर्षाचे आणि पुढच्या वर्षाचे पैसे बंद, फसवणूक असेल तर पाच वर्षं. पण व्याख्या सैल असली की बनाव सिद्ध कसा करणार, हेच घोडं परत अडतं.

तपास किती ढिला असू शकतो याचं एक उदाहरण आहे जे कुणालाही पटकन कळेल. गाओने २००७ मध्ये सांगितलं की १९९९ ते २००५ या काळात मेलेल्या १,७२,८०१ लोकांच्या इस्टेटींना (म्हणजे वारसांत वाटून संपायच्या मालमत्तेला) किंवा त्यांचा हिस्सा असलेल्या कंपन्यांना मिळून ११० कोटी डॉलर दिले गेले. यातलं सगळंच चूक नव्हतं, कारण माणूस गेला की त्याच्या इस्टेटीला दोन वर्षांपर्यंत पैसे चालू राहू शकतात आणि त्यापुढे इस्टेट अजून बंद का झाली नाही हे ऑफिसने दरवर्षी विचारायचं असतं, पण विचारतच नव्हते, आणि ४० टक्के पैसा माणूस जाऊन तीन वर्षांच्या वर झाल्यावर गेला होता. त्यानंतर एजन्सीने मृत्यूच्या सरकारी नोंदींशी नावं ताडून बघायला सुरुवात केली. उत्पन्नाच्या अटीचंही तेच. २००२ पासून श्रीमंतांना पैसे नाहीत अशी अट आहे, आधी २५ लाख डॉलरच्या वर सरासरी उत्पन्न असेल तर नाही, २०१४ पासून ९ लाख, पण बरीच वर्षं शेतकऱ्याने स्वतः लिहून दिलेलं खरं धरायचे. २००८ मध्ये गाओने इन्कम टॅक्सच्या माहितीशी जुळवून बघितलं तर २,७०२ लोक अपात्र असण्याची शक्यता निघाली, २००३ ते २००६ मध्ये त्यांना ४.९ कोटी डॉलर मिळालेले. त्यानंतर कुठे टॅक्स खात्याशी माहिती जुळवायची व्यवस्था झाली.

आणि काही पैसा असा आहे जो या मर्यादेत येतच नाही. भुईमुगाला वेगळी मर्यादा, म्हणजे कापूस आणि भुईमूग दोन्ही असेल तर दोन मर्यादा. पिकावर सरकार कर्ज देतं आणि भाव पडले की त्या कर्जात जी सूट मिळते, ती २०१४ च्या कायद्यात मर्यादेत होती, २०१८ मध्ये बाहेर काढली. चीनबरोबर ट्रेड वॉर झालं तेव्हाच्या मदतीला वेगळी मर्यादा, कोविडच्या मदतीला आणखी वेगळी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पीकविमा, ज्याच्या हप्त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास भाग सरकार भरतं, त्याला ना माणशी मर्यादा ना उत्पन्नाची अट.

दक्षिणेतल्या शेतकऱ्यांची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धवट होईल. त्यांचं म्हणणं असं की कापूस आणि भाताला एकरी खर्च मक्या-सोयाबीनपेक्षा बराच जास्त, त्यामुळे एकरी मदतही जास्त, आणि मग आयोवाचा मकेवाला ज्या मर्यादेला कधी पोचत नाही तिथे आमचं मध्यम आकाराचं शेतही पोचतं. हे खरं आहे. पण मग पिकाप्रमाणे मर्यादा वेगळी ठेवा आणि तसं उघड सांगा, खोटे मॅनेजर उभे करून ती वाढवून घेणं हे त्याचं उत्तर कसं होईल?

आपला याच्याशी संबंध काय म्हणाल तर कापूस. जगात कापसाचा भाव ठरण्यात अमेरिकेच्या निर्यातीचा मोठा हात आहे, आणि तिकडची सबसिडी भाव पाडते म्हणून ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केस टाकली आणि जिंकली, शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन ती मिटवली. विदर्भातला, मराठवाड्यातला कापूसवाला त्याच जगाच्या भावाला बांधलेला आहे, तो कुठल्याच केसमध्ये नव्हता. आणि मर्यादा चुकवायला वाटण्या होणार हे आपल्याकडेही सरकारला माहीत असतंच, पीएम किसानमध्ये वर्षाचे ६,००० रुपये माणशी न देता कुटुंबाला दिले, नवरा-बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, आणि १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरून त्यानंतर सातबारावर नवीन नाव चढलं तर, वारसाहक्क सोडून, लाभ नाही असं ठेवलं, ते त्याचसाठी. अमेरिकेतही जवळपास असाच नियम आहे, पैसे घेणारी माणसं वाढवायची तर शेतात खरोखरचा मोठा बदल दाखवावा लागतो, उदाहरणार्थ बेस एकर २० टक्क्यांनी वाढलेले पाहिजेत.

मग हे बंद कसं होईल? माझं मत असं की आकडा १,२५,००० का १,५५,००० यावर भांडण्यात फार अर्थ नाही. एका शेताला मॅनेजमेंटच्या जोरावर पात्र होणारा माणूस एकच ठेवा, कुटुंब असो नसो, बाकी ज्याला पैसे पाहिजेत त्याने मेहनतीचे तास दाखवावेत. ५०० तासांची आणि लेखी नोंदीची अट आज फक्त बाहेरच्यांना आहे ती भावा-पुतण्यांनाही लावा, खरंच काम करणाऱ्या पुतण्याला त्याने काही फरक पडणार नाही. कर्जातली सूट परत मर्यादेत घ्या. विम्याच्या हप्त्याला मर्यादा लावायचं धाडस कुणी करेल का माहीत नाही पण निदान उत्पन्नाची अट तरी लावा. आणि मोठ्या भागीदाऱ्यांची तपासणी त्या काउंटीच्या बाहेरच्या माणसांकडून करून घ्या, दहा भागीदारांच्या वर असलेली प्रत्येक भागीदारी दरवर्षी, निवडक नाही. यातली पहिली गोष्ट २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाली होती, शब्द लिहून तयार आहेत, पुढच्या फार्म बिलमध्ये ते परत घालायला नवीन काही शोधून काढावं लागणार नाही.